सोसायटीचा मॅनेजर म्हणून रुजू होताना

वाकडच्या एका दोनशे चाळीस फ्लॅटच्या सोसायटीत मी रुजू झालो, त्या सकाळी सव्वानऊच्या आत मला तीन हुकूम मिळाले. चेअरमन म्हणाले, बागेला भरपूर पाणी सोडा, हिरवळ वाळतेय. ए विंगच्या एका काकूंनी सांगितलं, बागेचं पाणी आधी बंद करा, आमच्या नळाला धार नाही. आणि बी-२०४ वाले चहाचा कप हातात घेऊन बाल्कनीतूनच ओरडले, ती गुलमोहराची फांदी पाडा हो, केबलला लागतेय. मी नवा होतो, सगळ्यांना खूश ठेवायचं होतं. सकाळी पाणी सोडलं, दुपारी बंद केलं, चार वाजता फांदी पाडली. दहा दिवसांनी महापालिकेची नोटीस आली. शहरातल्या झाडाला वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही, त्यासाठी १९७५ पासून कायदा आहे, हे मला तेव्हा कळलं. समितीच्या बैठकीत विचारणा झाली, कोणी सांगितलं होतं? बी-२०४ वाले म्हणाले, मी आपलं सहज बोललो होतो.

या नोकरीत दोन गोष्टी शिकाव्या लागतात. इमारत कशी चालते ही एक, आणि कोणाचं ऐकायचं ही दुसरी. पहिली सहा महिन्यांत अंगवळणी पडते. दुसरीत भलेभले अडकतात. पुण्या-मुंबईकडे या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी दोन्ही लिहितोय.

१. इमारत कोणत्या कायद्याखाली आहे, हे आधी विचारा

बोलताना आपण सगळ्यालाच सोसायटी म्हणतो, पण कागदावर तीन वेगळे प्रकार असतात.

पहिला प्रकार सहकारी गृहनिर्माण संस्थेचा. तिला महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० लागू होतो. २०१९ साली त्यात गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण घातलं, त्यातली कलमं १५४-ब पासून सुरू होतात. रोजच्या कामात मात्र तुमचा आधार म्हणजे संस्थेचे उपविधी, संस्थेची स्वतःची नियमावली. दुसरा प्रकार अपार्टमेंटचा, म्हणजे कॉन्डोमिनियमचा. पुण्यात हे पुष्कळ आहेत. तिथे १९७० चा अपार्टमेंट ओनरशिप कायदा चालतो आणि मुख्य कागद असतो घोषणापत्र, ज्याला सगळे ‘डीड ऑफ डिक्लरेशन’ म्हणतात. तिसरा प्रकार म्हणजे इमारत अजून बिल्डरच्याच ताब्यात असते, संस्था स्थापन व्हायची असते आणि देखभाल बिल्डरने नेमलेली कंपनी बघते.

हा फरक पहिल्याच महिन्याच्या बिलात दिसतो. सहकारी संस्थेत सेवा शुल्क सगळ्या फ्लॅटना सारखं असतं, एक बेडरूम असो की चार. अपार्टमेंटमध्ये खर्च घोषणापत्रातल्या टक्केवारीप्रमाणे वाटला जातो, त्यामुळे मोठ्या फ्लॅटला जास्त येतो. माझ्या ओळखीचा एक मॅनेजर सोसायटीतून अपार्टमेंटमध्ये गेला आणि सवयीने सगळ्यांना सारखी बिलं काढून बसला. चार बेडरूमवाल्यांनी अर्थातच काही तक्रार केली नाही.

२. नोकरी कशी मिळते आणि काय यावं लागतं

दोन वाटा आहेत. एक, फॅसिलिटी मॅनेजमेंट कंपनीच्या पगारावर राहून सोसायटीत काम करायचं. दोन, थेट सोसायटीच्या पगारावर. नवख्या माणसाने पहिली वाट धरावी असं माझं मत आहे. कंपनीत वर एक अनुभवी माणूस असतो, पंप जळला तर फोन कोणाला करायचा हे तो सांगतो. पण समिती एक सांगते, कंपनी दुसरंच, आणि मधे तुम्ही. थेट नोकरीत ही ओढाताण नसते, मात्र समिती बदलली की नोकरीही बदलू शकते. मी हाऊसकीपिंग सुपरवायझर होतो, तिथून १८,००० रुपयांवर असिस्टंट मॅनेजर झालो, वाकडला आलो तो त्यानंतर. पुष्कळजण सुपरवायझर, हॉटेल, अकाउंट्स किंवा सैन्यातून निवृत्त होऊन या कामात येतात.

पदवी कोणती, हे फारसं कोणी विचारत नाही. विचारतात ते असं: टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरवर बिलं काढता येतात का, एक्सेल येतं का, मराठीत आणि इंग्रजीत पत्र लिहिता येतं का, रात्री फोन उचलाल का. ज्यांना याच कामात पुढे जायचंय त्यांनी सहकार खात्याच्या परीक्षांकडे लक्ष ठेवावं. जीडीसी अँड ए ही सहकार आणि लेखाशास्त्राची पदविका. तिच्यासोबत सीएचएम, म्हणजे हाऊसिंग मॅनेजमेंटची प्रमाणपत्र परीक्षाही घेतात. मी सीएचएम दुसऱ्या फटक्यात पास झालो. पगार लगेच वाढला नाही, पण सेक्रेटरी माझ्याशी बोलताना उपविधीचा हवाला देताना जरा जपून देऊ लागले. जिल्ह्याच्या हाऊसिंग फेडरेशनच्या ऑफिसात एकदा जाऊन या. उपविधीचं पुस्तक, छापील नोंदवह्या, फॉर्म सगळं तिथे मिळतं.

नेमणूक घेताना पत्र मागा, आणि ते समितीच्या ठरावाचा क्रमांक घालून मागा. पत्रात कामाचे तास, सुट्टीचा वार आणि तुम्ही कोणाला उत्तर द्यायचं त्या पदाधिकाऱ्याचं पद लिहिलेलं असू द्या. पगारापेक्षा ही शेवटची ओळ महत्त्वाची.

३. पहिला आठवडा खुर्चीत बसू नका

गच्चीपासून तळघरापर्यंत रोज एकदा पायी फिरा. सोबत सोसायटीचा सर्वात जुना प्लंबर घ्या, त्याला चहा पाजा, तो बोलेल ते लिहून घ्या. कुठला व्हॉल्व्ह कुठल्या शाफ्टचा, कुठली चेंबर कुठे तुंबते, कोणत्या टाकीचा फ्लोट अडकतो, हे कुठल्याच नकाशात नसतं. बिल्डरने दिलेला नकाशा आणि भिंतीतला पाइप यांची गाठ क्वचितच पडते.

प्रत्येक व्हॉल्व्हला पत्र्याचा बिल्ला बांधा आणि फोटो काढा. मीटर रूम, पंप रूम, लिफ्टची मशीन रूम, जनरेटर, एसटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट), फायर पंप, गच्चीचं दार या सगळ्यांच्या चाव्या मोजा. एकेका कुलपाची दुसरी चावी असतेच असं नाही, आणि असली तर ती कोणाकडे आहे हे कळलं की कधीकधी धक्का बसतो. आमच्या गच्चीची एक चावी केबलवाल्याकडे होती.

जवळ ठेवायच्या वस्तू: चांगली टॉर्च, मोजपट्टी, टेस्टर, पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचा टीडीएस मीटर, टाकीत बुडवायची खुणा केलेली काठी, आणि खिशात मावेल अशी वही. फोनमध्ये टिपून भागत नाही. तळघरात रेंज नसते आणि ओल्या हातांनी स्क्रीन चालत नाही. (टीडीएस या शब्दाने पहिल्या महिन्यात माझी चांगलीच फजिती झाली. खजिनदार विचारत होते कंत्राटदाराच्या बिलातून टीडीएस, म्हणजे कर, कापला का, मी सांगत होतो बोअरचा आठशे आलाय.)

४. कागद यादी करूनच ताब्यात घ्या

जुना मॅनेजर कपाटाकडे बोट दाखवून म्हणेल, सगळं इथेच आहे. तेवढ्यावर सही करू नका. एकेक कागद पाहून यादी करा. जे नाही त्यापुढे ‘मिळाले नाही’ असं लिहा आणि सेक्रेटरींची सही घ्या. सहकारी संस्थेत निदान एवढं हवं:

- संस्थेचा नोंदणी दाखला आणि मंजूर उपविधी
- आय नमुना आणि जे नमुना, म्हणजे सदस्यांची नोंदवही आणि यादी
- भागदाखले आणि नामनिर्देशनाची नोंदवही
- सर्वसाधारण सभेचं आणि समितीचं, अशी दोन वेगळी इतिवृत्तं
- सिंकिंग फंडाची (पुढच्या मोठ्या बांधकामासाठी साठवायच्या निधीची) आणि गुंतवणुकीची नोंदवही, मुदत ठेवींच्या पावत्यांसह
- मागच्या काही वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल आणि ओ नमुन्यातला दोषदुरुस्ती अहवाल
- भोगवटा प्रमाणपत्र, मंजूर नकाशे आणि अभिहस्तांतरणाचे (जमीन-इमारत संस्थेच्या नावावर करण्याचे, म्हणजे कन्व्हेयन्सचे) कागद, झालं असेल तर
- लिफ्टचा परवाना, अग्निशमनाचे दाखले, इमारतीचा विमा
- लिफ्ट, जनरेटर, पंप, सीसीटीव्ही यांचे एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचे करार
- भाडेकरूंचे नोंदणीकृत करार आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत

एएमसी करारात ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ हा शब्द शोधा. तो नसेल तर सुटे भाग तुमच्या खर्चाने. लिफ्टचा ड्राइव्ह गेला की या एका शब्दाची किंमत लाखात मोजावी लागते.

अपार्टमेंट असेल तर घोषणापत्राची नोंदणीकृत प्रत आणि प्रत्येक फ्लॅटच्या टक्केवारीचा तक्ता आधी हातात घ्या. बिल्डर सोडून चालला असेल तर इलेक्ट्रिकचे आणि प्लंबिंगचे नकाशे, उपकरणांची वॉरंटी कार्डं आणि जमा निधीचा हिशोब तो असेपर्यंत मागून घ्या. तो गेल्यावर फोन लागत नाही.

५. बिलाचं गणित

नवखा मॅनेजर सर्वात जास्त इथेच तोंडघशी पडतो, कारण सॉफ्टवेअर बिल काढतं आणि सगळे समजतात ते बरोबरच असणार. कोणीतरी पाच वर्षांपूर्वी चुकीचा दर भरून ठेवलेला असतो.

एक उदाहरण घ्या. समजा एका फ्लॅटचा बांधकाम खर्च, जमिनीची किंमत वगळून, १४,४०,००० रुपये धरलाय. सिंकिंग फंड वर्षाला किमान पाव टक्का, म्हणजे ३,६००, महिन्याला ३००. दुरुस्ती आणि देखभाल निधी वर्षाला किमान पाऊण टक्का, म्हणजे १०,८००, महिन्याला ९००. हे दोन्ही निधी त्या-त्या फ्लॅटच्या बांधकाम खर्चावर ठरतात. सेवा शुल्क, म्हणजे गार्ड, सफाई, ऑफिस, कॉमन वीज वगैरे, सगळ्यांना सारखं, समजा २,४००. पाणी नळांच्या संख्येवर, समजा ३५०. लिफ्टचा खर्च सगळ्यांना सारखा, तळमजल्यावाल्यांनाही. यावर भांडण ठरलेलं, तेव्हा उपविधीचं पान उघडून ठेवा. लिफ्टचे समजा १५०. पार्किंग १००. एकूण ४,२००.

आता फ्लॅट भाड्याने दिला. बिनभोगवटा शुल्क, ज्याला सगळे एनओसी म्हणतात, जास्तीत जास्त सेवा शुल्काच्या दहा टक्के. सेवा शुल्काच्या, पूर्ण बिलाच्या नाही. म्हणजे २४० रुपये. शासनाने २००१ सालीच हे ठरवून दिलंय. मी रुजू झालो तेव्हा आमच्याकडे एकूण बिलावर दहा टक्के, म्हणजे ४२० कापले जात होते. पन्नास फ्लॅट भाड्याने होते. महिन्याला फ्लॅटमागे १८० जास्त, वर्षाला १,०८,०००. एका मालकाने सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे अर्ज केला आणि ते सगळं परत द्यावं लागलं. आणि फ्लॅटमध्ये मालकाचे आईवडील किंवा लग्न झालेली मुलगी राहत असेल तर ते भाडेकरू नव्हेत, तिथे हे शुल्क लावायचंच नसतं.

आणखी तीन खड्डे आहेत.

थकबाकीवर व्याज सरळ लावायचं, चक्रवाढ नाही, आणि दर उपविधीतल्या कमाल मर्यादेच्या आत. सॉफ्टवेअरमध्ये मागचं व्याज मुद्दलात मिसळतंय का ते हाताने एका फ्लॅटचा हिशोब करून तपासा.

फ्लॅट विकला गेला तर हस्तांतरण अधिमूल्याची, म्हणजे संस्थेने घ्यायच्या ट्रान्सफर फीची, कमाल मर्यादा महापालिका हद्दीत २५,००० रुपये आहे. त्यावर ‘देणगी’ मागायला तुम्हाला पुढे केलं जाईल. तुमच्या तोंडून ती मागणी जाऊ देऊ नका.

थकबाकीदाराचं पाणी तोडा, असा निरोप कधी ना कधी येईलच. तोडू नका. वसुलीसाठी कलम १५४-ब-२९ खाली निबंधकांकडून वसुली दाखला घेण्याची रीतसर वाट आहे. त्यासाठी लागतात नोटिसांच्या पोचपावत्या आणि फ्लॅटचा खातेउतारा. तुमचं काम ते कागद तयार ठेवण्याचं.

मोठ्या सोसायट्यांत जीएसटीचा प्रश्न येतो. महिन्याची वर्गणी सदस्यामागे ७,५०० रुपयांच्या वर आणि संस्थेची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर, अशा दोन्ही अटी लागू झाल्या की तो लागतो. हे सीएकडून लिहून घ्या, स्वतः ठरवू नका.

६. गार्ड, मावशी आणि कंत्राटदार

सिक्युरिटी एजन्सी नेमताना २००५ च्या कायद्याखालचा परवाना बघा, लोक त्याला पसारा लायसन्स म्हणतात. दर महिन्याला बिल पास करण्यापूर्वी मागच्या महिन्याचं पीएफ आणि ईएसआयसीचं चलन मागा, आणि त्यातली नावं हजेरीशी ताडून पहा. चलन आहे पण त्यात आपल्या गार्डचं नावच नाही, असं मी दोनदा पाहिलंय. एजन्सीने पैसे भरले नाहीत तर जबाबदारी फिरून सोसायटीच्या दारात येते.

गार्डला रात्री दोनला फोन करून जागा आहे का बघणारे मॅनेजर असतात. मी आधी बघतो त्याला बसायला खुर्ची आहे का, बाथरूम आहे का, पावसात केबिन गळते का. बारा तास उभ्या माणसाकडून सजगता मागणं मला कधी जमलं नाही.

एक गोष्ट मात्र कधीच करू नका. एसटीपीच्या, सेप्टिक टँकच्या किंवा ड्रेनेज चेंबरच्या आत माणूस उतरवू नका. पंप अडकलाय, पाचच मिनिटांचं काम आहे, पोरगा स्वतःच तयार आहे, काही असो. आत हायड्रोजन सल्फाइड साठतो. एक उतरतो, बेशुद्ध पडतो, दुसरा वाचवायला उतरतो आणि दोघेही जातात. २०१३ च्या कायद्याने अशी साफसफाई माणसाकडून करून घेणं गुन्हा आहे आणि ज्याने उतरवलं तो आरोपी होतो. सक्शनची गाडी बोलवा. चार तास वास आला तर येऊ द्या, व्हॉट्सअॅपवर शिव्या खाऊ.

७. पाणी, लिफ्ट, आग

पाण्याचं गणित तोंडपाठ ठेवा. माणशी दिवसाला १३५ लिटर हा सरकारी नियोजनातला आकडा. दोनशे चाळीस फ्लॅट, घरटी चार माणसं, म्हणजे साधारण १ लाख ३० हजार लिटर. महापालिकेचं पाणी निम्मं आलं तर दहा हजारांचे सहा-सात टँकर. रोज बारा टँकरची बिलं येत असतील तर कुठेतरी गळती आहे, पाइपात नाहीतर रजिस्टरात. टँकर आला की गाडीचा नंबर, वेळ, टाकीतली पातळी आधी आणि नंतर, काठी बुडवून. आमच्याकडे काठी सुरू केल्यावर पहिल्याच आठवड्यात टँकरवाला म्हणाला, साहेब, विश्वास नाही का? मी म्हटलं, विश्वास आहे, पण टाकीचा हिशोब समितीला द्यायचा असतो.

लिफ्ट दोन मजल्यांमध्ये अडकली तर गार्डने चावीने दार उघडून माणसं ओढून काढायची नाहीत. अर्धवट उघड्या दारातून उडी मारताना माणूस खाली शाफ्टमध्ये जाऊ शकतो. मुख्य स्विच बंद करा, इंटरकॉमवर आतल्यांशी बोलत रहा, हवा आत येतेय हे सांगा, तंत्रज्ञाला बोलवा. आत कोणी हृदयरोगी किंवा गरोदर बाई असेल तर त्याच वेळी अग्निशमन दलालाही १०१ वर फोन. हे सगळं मराठीत आणि हिंदीत छापून गार्ड केबिनमध्ये लावा.

आगीबाबत २००६ चा महाराष्ट्राचा कायदा आहे. परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा तपासून फॉर्म ब, म्हणजे ती चालू स्थितीत असल्याचा दाखला, वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, अग्निशमन विभागाला द्यायचा असतो. एजन्सी फॉर्म नुसता भरून देते. तुम्ही त्या दिवशी सोबत उभे राहा आणि शेवटच्या मजल्यावरच्या हायड्रंटमधून, म्हणजे आग विझवायच्या नळातून, प्रत्यक्ष पाणी काढायला लावा. पितळी नोझल अजून पेटीत आहे का तेही बघा, ती चोरीला जाते. उन्हाळ्यात ‘फायरच्या टाकीतलं थोडं वापरू’ असं कोणीतरी सुचवेल. त्याला नाही म्हणा.

८. कोणाचं ऐकायचं

झाडाच्या नोटिशीनंतर आमचे तेव्हाचे सेक्रेटरी, निवृत्त बँक अधिकारी, मला ऑफिसात बसवून म्हणाले, “हे बघा, इथे दोनशे चाळीस मालक आहेत आणि तुमचा मालक त्यातला एकही नाही. तुमचा मालक इतिवृत्तात आहे.” तेव्हा मला ते पुस्तकी वाटलं होतं.

रोजची छोटी कामं, म्हणजे दिवा बदलणं, नळ गळणं, कचरा, ही कोणीही सांगितली तरी करायची. पैसे लागणारं, कोणाचा हक्क बदलणारं किंवा इमारतीचं रूप बदलणारं काम समितीच्या ठरावाशिवाय करायचं नाही. समितीला स्वतःच्या अधिकारात किती खर्च करता येतो याची सदस्यसंख्येनुसार मर्यादा उपविधीत आहे, त्यावरचं सर्वसाधारण सभेत जातं. खुद्द चेअरमननी फोनवर सांगितलं तरी अदबीने म्हणायचं, “साहेब, एक ओळीचा ईमेल टाका, लगेच लावतो.” निम्म्या वेळा ईमेल येत नाही आणि काम आपोआप मिटतं.

एकदा तीन-चार सदस्य आले, कामवाल्या मावशींना आणि डिलिव्हरीवाल्यांना एकच लिफ्ट, असा बोर्ड लावा म्हणाले. मला ते पटलं नव्हतं, पण माझं मत कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, सभेत ठराव मांडा, सूचक आणि अनुमोदक म्हणून दोन नावं द्या, बोर्डवर ठराव क्रमांक टाकून लावतो. सूचक व्हायला कोणी तयार झालं नाही. बोर्ड अजून लागलेला नाही.

गळतीचं भांडण मात्र असं टळत नाही, ते तुमच्याच टेबलावर येतं. गच्चीतून येणारं पावसाचं पाणी किंवा बाहेरच्या कॉमन पाइपची गळती असेल तर खर्च सोसायटीचा. वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून, सिंकखालून येत असेल तर वरच्या सदस्याचा. नेमकं कुठून येतंय हे आधी ठरवा: वरच्या बाथरूमची जाळी बंद करून रंगवलेलं पाणी चोवीस तास साठवा आणि खालच्या छतावर रंग उतरतो का पहा. पाहताना दोन्ही घरची माणसं हजर ठेवा, फोटोवर तारीख येऊ द्या. रंग दिसला की निम्मं भांडण संपतं. उरलेलं निम्मं मागच्या दिवाळीतल्या फटाक्यांवरून असतं, त्यात पडू नका.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर तक्रारीला उत्तर देऊ नका. “नोंद घेतली, तक्रार क्रमांक अमुक” एवढंच लिहा आणि रजिस्टरमध्ये किंवा अॅपवर चढवा. रात्री साडेअकराला ग्रुपवर केलेला खुलासा सकाळी स्क्रीनशॉट होऊन समितीपुढे येतो.

९. वर्ष कसं जातं

मार्चअखेर हिशोब बंद. एप्रिलपासून लेखापरीक्षकाच्या मागे लागा, ३१ जुलैपर्यंत लेखापरीक्षण व्हायला हवं. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत, नोटीस पूर्ण चौदा दिवस आधी. नोटिशीची पोच प्रत्येक फ्लॅटकडून घ्या, परगावच्या मालकांनाही पाठवा, नाहीतर मला नोटीसच मिळाली नाही म्हणून सभा लटकते.

मे महिना पावसाच्या तयारीचा: गच्चीच्या जाळ्या, पावसाळी पाइप, तळघरातले संप पंप, जनरेटरचं डिझेल, वीजरोधक. सुकलेल्या फांद्यांसाठी महापालिकेकडे अर्ज एप्रिलमध्येच करा, परवानगीला वेळ लागतो. टाक्या वर्षातून निदान दोनदा धुवून घ्या. इमारत पंधरा वर्षांपुढची असेल तर पाच वर्षांतून एकदा, तीस वर्षांपुढची असेल तर तीन वर्षांतून एकदा संरचनात्मक तपासणी. मागचा अहवाल कपाटात सापडला नाही तर तो झालाच नाही असं समजून समितीला लेखी कळवा. गणपती आणि दिवाळीला लायटिंगसाठी मीटर रूममधून कोणी परस्पर वायर काढतंय का, एवढं बघा.

१०. नोकरी सोडताना

दुसरीकडे जास्त पगार मिळेल आणि तुम्ही जाल, हे धरूनच चाला. येताना केलेली यादी जाताना उलटी चालवा: कागद, चाव्या, पासवर्ड, मुदत ठेवींच्या पावत्या, अर्धवट कामं, कोणत्या कंत्राटदाराचं किती देणं बाकी. दोन प्रती, दोन्हीवर सेक्रेटरींची सही आणि संस्थेचा शिक्का. बँकेच्या आणि महावितरणच्या ओटीपीसाठी तुमचा स्वतःचा नंबर दिलेला असेल तर तो बदलून घ्या. मी पहिली सोसायटी सोडली तेव्हा हे विसरलो होतो, आणि पुढे आठ महिने त्यांच्या कॉमन मीटरचं बिल माझ्या फोनवर येत राहिलं. मी ते दर महिन्याला नव्या मॅनेजरला पाठवायचो. तो उलट विचारायचा, गच्चीचा मधला व्हॉल्व्ह कुठल्या शाफ्टचा आहे?